मशीननं भंडारा खाल्ला

कृष्णराजनं तिला 'ताई' म्हटलं आणि श्रावस्तीच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांत कारखान्याच्या या धाकट्या मालकानं तिला 'अगं' म्हटलं होतं, 'ऐक गं' म्हटलं होतं, घाईत असला की फाटकापासून नुसतं 'ए मशीनवाली' असं ओरडून झालं होतं. एकदा कुणी साहेब कारखाना बघायला आला त्या दिवशी 'श्रावस्तीबाई'सुद्धा झालं होतं. पण ते साहेबाच्या कानासाठी होतं आणि साहेबाची जीप वळणापलीकडं जाईपर्यंतच टिकलं. ताई मात्र कधीच नाही. आणि आज कॉम्प्रेसरच्या खोलीत, मशीन बंद असताना, ऐकायला तिसरं माणूस नसताना त्यानं तो शब्द असा हळूच पुढं सारला, जसा उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढं कुणी गुळाचा खडा सारावा. मशीन बंद असलं की या खोलीत फार ऐकू येतं. भिंतीपलीकडं पॅकिंगच्या बायकांचं हसणं, पत्र्यावर कावळ्याची नखं, आपलंच गिळणं.

"ताई, एक काम व्हतं," कृष्णराज म्हणाला. "दुपारी सोलापूरचे मल्लिनाथशेठ येणारेत. पेढ्याला बुरशी आली ना, त्याचं बघायला. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, सणाच्या गडबडीत फिल्टर बदलायचा राहून गेला. माणसाच्या हातून राहतंय की."

फिल्टर तिच्या कडेवर होता. नुकताच तिनं तो मशीनच्या तोंडातून उपसून काढला होता, लहान घागरीएवढा, गोल, बाजूनं सगळ्या कागदाच्या निऱ्याच निऱ्या. नवा असतो तेव्हा हा कागद सायीच्या रंगाचा असतो. आता निऱ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या मधली प्रत्येक फट भरून वरून लिंपल्यासारखी झाली होती, मळकट पिवळी. तिनं फिल्टरकडं बघितलं, मग कृष्णराजकडं. तोही फिल्टरकडंच बघत होता. दोघांच्या नाकाला एकच वास येत होता, आणि तो वास दोघांनाही जन्मापासून माहीत होता. हळद.

"घरच्यावाणी समजून सांगतोय," तो म्हणाला आणि खिशातला फोन वाजत नसताना कानाला लावून बाहेर गेला.

घरच्यावाणी. श्रावस्तीनं फिल्टर खाली ठेवला आणि उलट्या बादलीवर बसली. तिला राग आला असं म्हणता आलं नसतं, कारण राग यायला जागा लागते आणि आतमध्ये सगळीकडं हा एक शब्दच पसरून बसला होता. समोर दोन टाक्या उभ्या होत्या, शेजारी शेजारी, एखाद्या घरातल्या न बोलणाऱ्या जावांसारख्या. त्यांच्या पोटात काळे दाणे आहेत, मिरीहून बारीक. हवा दाबून त्यांच्यातून सोडली की दाणे ऑक्सिजनला धरून ठेवतात आणि नायट्रोजनला पुढं जाऊ देतात. मग तो नायट्रोजन पाइपातून पॅकिंगमध्ये जातो, पेढ्याच्या पाकिटात भरतो, आणि पेढा दिवसच्या दिवस आजचा राहतो. लोकांना वाटतं, श्रावस्ती इथं काहीतरी तयार करते. तयार काही होत नाही. हवेत नायट्रोजन आधीपासून आहेच, भरपूर आहे, आपल्या प्रत्येक श्वासात तोच जास्त आहे. इथं फक्त कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं एवढंच चालतं. आणि बाहेर ठेवलेला जो ऑक्सिजन, तो दाण्यांनी सोडला की मागच्या पाइपातून अंगणात फुस्स करून निघून जातो. एक टाकी भरते, दुसरी सोडते. मग दुसरी भरते, पहिली सोडते. चालू मशीनजवळ उभं राहिलं की कुणीतरी मोठं जनावर शेजारी निजल्यासारखं वाटतं. सुरुवातीला ती या आवाजाला भ्यायची. आता घरी रात्री आईचा दम ऐकताना तिला मध्येच वाटतं, आईची एक टाकी नीट सोडत नाहीये.

या सगळ्याला एकच अट असते, आत येणारी हवा स्वच्छ पाहिजे. म्हणून मशीनच्या तोंडाशी हा फिल्टर, पुढं तेलाचा फिल्टर, मग ओल धरणारा, मग बारीक, मग त्याहून बारीक. तिचं काम म्हणजे हे फिल्टर. उघडायचे, बघायचे, बदलायचे, झाकणं आवळायची. आयटीआय करून आलेली बाई म्हणून कृष्णराजच्या वडलांनी तिला घेतली ती पॅकिंगवर देखरेखीला; पण पॅकिंगमध्ये तिच्या हातचा पेढा जाईल याला घरातून कुणीतरी नाक मुरडलं, असं पॅकिंगमधल्या अयोध्यानं तिला नंतर सांगितलं. मग मशीनकडं. मशीनला काही नसतं. तेव्हा तिला हसू आलं होतं. पेढ्याला हात लावायचा नाही, ठीक आहे. पण पाकिटाच्या आत पेढ्याला चारही बाजूंनी चिकटून बसलेली हवा कुणाच्या हातची आहे? ती हवा देवापुढं जाते, बारशाला जाते, नवरदेवाच्या मामाच्या तोंडात जाते. हे ती कुणाला बोलली नव्हती. एकदा फक्त आईला बोलली, तर आई म्हणाली, "गप. हवा बी बंद करतील."

अयोध्या दारात उभी होती, डोक्याला ती पॅकिंगची जाळीची टोपी. "काय गं, उपास सुटला का तुझ्या मशीनीचा?"

"अजून न्हाय."

"हेच का ते?" अयोध्या फिल्टरपाशी उकिडवी बसली. "अगं बाई बाई! काय पिवळं झालंय, नवरीवाणी!" आणि हसली, मग हसू आवरलं. कारण तीच तर होती त्या दिवशी इथं, आणि तिनंच सगळं सांगितलं होतं. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते. दर वर्षी मशीन बंद करतात, पुसतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झालं की चालू करतात. श्रावस्ती त्या दोन दिवसांत नसते. दसऱ्याला तिच्या घरचे सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातात. आणि खंडेनवमीला 'तुमच्यात नसतंय न्हवं हे' असं कृष्णराजच आपण होऊन म्हणतो, मोठ्या मनानं. यंदा दिवाळीचा माल तुंबला होता. कृष्णराज म्हणाला, मशीन चालूच ठेवा, पूजा होऊ द्या. त्याची आई म्हाळसाबाई, हिनं अणदूरच्या खंडोबाचा भंडारा आणला होता, पिशवी भरून. तिनं येळकोट म्हणून पहिली मूठ उधळली.

"आन् काय सांगू तुला," अयोध्यानं तेव्हा डोळे मोठे करून सांगितलं होतं, "ती मूठ खाली पडलीच न्हाय गं! मशीननं सूंऽऽ करून वढून घेतली. गपकन! आमी सगळ्या आ वासून. आईसाब म्हणल्या, घेतला गं घेतला, देवानं परसाद घेतला. मग काय, ज्याच्या त्याच्या मुठी. म्या बी दोन टाकल्या. समदा भंडारा खाल्ला मशीननं. शेवटाला पिशवी झटकली तर ती झटकलेली धूळ बी खाल्ली."

श्रावस्ती विहारातून परत आली, दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आणि खोलीत पाय टाकताच तिला कळलं. आवाज बदलला होता. मशीन नाक चोंदलेल्या पोरासारखं ओढत होतं. फिल्टरवरची खूण लाल. दाब उतरलेला. पाकिटात जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती आहे ते दाखवणारा काटा नको तिकडं सरकलेला आणि त्याचा भोंगा एकसारखा बोंबलत. ती पळत कृष्णराजकडं गेली. मशीन थांबवा, नवा फिल्टर कपाटात पडलाय, घालते, चहा पिऊन होईस्तोवर चालू होईल. कृष्णराज उठून आला, त्यानं फिल्टरची पिवळी कड बघितली, हसला सुद्धा, "आईनं लईच खाऊ घातलं." मग एक बटन दाबून भोंगा बंद केला. "ही गाडी भरू दे. एकदा थांबवलं की लायनी थंड पडतेत. मग बघू." ही गाडी भरली, मग पुढची आली. श्रावस्ती रोज म्हणाली. रोज त्याला सांगितलं, हे बरोबर नाही, आत ऑक्सिजन राहतोय, माल टिकायचा नाही. तो रोज म्हणाला, बघू. आता दिवाळी होऊन गेली, सोलापुरात पाकिटांच्या आत पेढ्यांना हिरवी लव आली, आणि आज अखेर मशीन थांबलं. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. ह्याचंच तिला राहून राहून नवल वाटत होतं. न कळून कुणी दोष दिला तर माणूस समजावू शकतं. कळून, नीट बघून, हळदीचा वास घेऊन, वर ताई म्हणून देतात, त्यांना काय समजवायचं?

"म्हणून टाक बाई," अयोध्या हळू आवाजात म्हणाली. "शेठनं माल बंद केला तर आमच्या टोप्या उतरतील. तुला काय, ते तुला काढायचे न्हाईत. तुझ्याबिगर हे कुणाला येतंय?"

"मग मी चुकले असं म्हणू?"

"म्हणायला काय जातंय? आईसाबला तरी कसं सांगायचं, तुमच्या भंडाऱ्यानं झालं म्हणून? म्हातारी जेवायची न्हाय."

सगळ्यांना म्हाताऱ्या म्हाळसाबाईची काळजी होती. श्रावस्तीलाही होती, हीच तर गंमत. म्हाळसाबाई तिला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. सणाला बशीत फराळ द्यायची, बशी परत मागायची नाही. पूर्वी तिला त्यात माया दिसायची. बशी परत का मागत नाहीत हे तिला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही माया दिसायची ती पुरती गेली नाही. या घराचा हा एक त्रासच होता. इथं कुणी धड वाईट वागत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत ती स्कुटीवरून घरी गेली. भूम गावात शिरलं की खव्याचा वास सुरू होतो, गोडसर, जड, अंगाला चिकटणारा, आणि त्याच्या खाली भट्ट्यांचा धूर. वेड्या बाभळीची ओली-सुकी लाकडं, दिवसभर. बाहेरून आलेले लोक गाडीची काच खाली करून म्हणतात, वा, काय वास आहे. कॉम्प्रेसरच्या खिडकीला तो वास म्हणजे वास नसतो. तो काळा असतो.

आई उंबऱ्यात बसली होती, मांडीवर दम्याचा पंप. चांगुणाबाईचं आता इतकंच आयुष्य राहिलं होतं, उंबऱ्यापर्यंत. एकदा, बरी होती तेव्हा, ती डबा द्यायला कारखान्यात आली होती आणि मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसली होती, नेमकी त्या ऑक्सिजन सोडणाऱ्या पाइपाखाली. श्रावस्ती शोधत गेली तर आई डोळे मिटून बसलेली. "हितं लई बरं वाटतंय गं," ती म्हणाली होती. "कसली हवा हाय ही?" श्रावस्तीनं सांगितलं, ही टाकून दिलेली हवा. आई हसली, "आसू दे. टाकलेलं आपल्याला कवा वाईट लागलंय?" आणि पंप न ओढता कितीतरी वेळ बसली. फुस्स झालं की मान वर करायची, पाखरासारखी. मग कुणीतरी म्हणालं, बाहेरच्या माणसांनी आत बसायचं नाही, नियम आहे. खरंच होता नियम.

"तोंड का असं?" आईनं विचारलं.

"कृष्णराज ताई म्हणाला."

आई हसली आणि हसण्याचा खोकला झाला. तो सरल्यावर म्हणाली, "म्हाळसाबाईचा लेक? मंग कायतरी वज्जं द्यायचं आसल डोईवर."

"म्हण म्हणतोय, फिल्टर बदलायचा राहिला."

"ऱ्हायला व्हता का?"

"न्हाय."

आई भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच धरून बसली. श्रावस्तीला माहीत होतं की दोघी आता एकच गोष्ट बघतायत. म्हाळसाबाईच्या नवऱ्याची खव्याची भट्टी, आजही आहे ती, कारखान्याच्या मागंच. कढई भिंतीच्या आत, भट्टीचं तोंड भिंतीच्या बाहेर. आत दूध हलवणारे त्यांचे नात्यातले. बाहेर जाळ घालणारी चांगुणा. वर्षांमागून वर्षं जाळ घालून तिनं आतली कढई कधी बघितली नाही. श्रावस्ती शाळेतून यायची आणि आईला लाकडं ओढून द्यायची. त्या दिवशी लाकडं ओली होती. अवकाळी पडून गेला होता, जाळ धरत नव्हता, आई फुंकणी फुंकून फुंकून लाल झाली होती, धूर तिच्या तोंडावर परत येत होता, डोळ्यांतून नाकातून पाणी. आणि आतून ओरडा आला, खवा लागला, तळाला लागला, सगळी कढई गेली! मालकाचा मेहुणा हलवायला होता, त्याला डुलकी लागली होती. त्याच्या गालावर गमछ्याची घडी उठलेली होती, ती श्रावस्तीनं आपल्या डोळ्यांनी बघितली. मालक बाहेर आले. मेहुणा त्यांच्यामागं. "जाळ ज्यास्त घातला व्हय गं चांगुणा?" मालकांनी विचारलं, रागानं नाही, मवाळच. आणि ज्या जाळाला आई सकाळपासून उठ उठ म्हणून विनवत होती, त्या न पेटणाऱ्या जाळाकडं बघत आई म्हणाली, "व्हय. माझ्याच हातनं झालं." लहान श्रावस्तीच्या हातात ओलं लाकूड होतं. त्याचं पाणी तिच्या कोपरापर्यंत आलं होतं. ती ते लाकूड वर धरून उभी होती, कुणीतरी बघावं म्हणून. कुणी बघितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं तिला असं स्वप्न पडायचं की ती ओलं लाकूड घेऊन दारोदार हिंडते आहे आणि लोक म्हणतायत, आम्हाला जळण नको.

"म्हणून टाक की," आई म्हणाली. "म्या न्हाय का म्हणले."

"म्हणलीस. मग काय झालं?"

"मंग काय." आईनं तुकडा ताटात ठेवला. "खवा जळला तर चांगुणा. कच्चा ऱ्हायला तर चांगुणा. दूद नासलं तरी चांगुणा. दुदाला म्या कवा हात लावला व्हता, सांग बरं? एकदा व्हय म्हणलं ना, की मंग ते बालंट आपलं घर वळखतंय. त्यास्नी सवय लागली." ती थांबली, श्वास गोळा केला. "आन् मला बी लागली. त्येचं वाईट वाटतंय."

मग म्हणाली, "जेव. गार झालं."

श्रावस्ती परत आली तेव्हा पांढरी गाडी फाटकात होती. मल्लिनाथशेठ जाडजूड, कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात बुरशी आलेलं एक पाकीट, ते त्यांनी चहा पितानाही खाली ठेवलं नव्हतं म्हणे. कृष्णराज त्यांना घेऊन कॉम्प्रेसरच्या खोलीत आला. "या शेठ. ह्या आमच्या श्रावस्तीताई. मशीन ह्याच बघतात. त्याच सांगतील तुम्हाला."

दुसऱ्यांदा ताई. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, सबंध, गुळगुळीत. फिल्टर बदलायचा राहिला. बोलायला वेळ लागला नसता. शेठ दोन शब्द रागावले असते, कृष्णराजनं 'असू द्या हो, चांगल्या आहेत' म्हणून सांभाळून घेतलं असतं, आणि त्या सांभाळून घेण्याबद्दल तिला वर त्याचे आभार मानावे लागले असते. हे आभाराचं तिला आत्ताच सुचलं आणि तिचे कान तापले.

तेवढ्यात काठी वाजली. म्हाळसाबाई आल्या होत्या, पदर सावरत, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "पाव्हणं आलेत म्हणं. मशीन दावलं का न्हाय त्यास्नी?"

"आई, तू कशाला उन्हात, घरात बस ना, चहा..."

"चहा पिलेत त्ये. गप रे. पाव्हणं, आमचं मशीन बघा. भंडारा खातंय आमचं मशीन! खंडेनवमीला मूठ उधळली की गपकन वढून घेतली. समद्यांनी बघितलंय. इचारा हिला." आणि काठीनं श्रावस्तीकडं दाखवलं, मग आठवलं, "ही न्हवती व्हय तवा. हिच्यात न्हाय करत."

मल्लिनाथशेठनी पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. त्यांची नजर हळूहळू मशीनच्या उघड्या तोंडाकडं गेली, तिथून खाली, फिल्टर ठेवला होता तिथं. कृष्णराजचा चेहरा उतरला. तरी त्यानं आवाज मऊच ठेवला. "ताई, सांगा शेठना. काय झालं ते."

"फिल्टर बदलायचा राहिला नव्हता," श्रावस्ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला, एवढा मोठा नको होता. "घट बसायच्या आधी मी नवा घातला होता, माझ्या हातानं. सणाहून आले तर हा असा भरलेला. मी म्हणाले, मशीन थांबवा. रोज म्हणाले. थांबवलं नाही. भोंगा वाजत होता, तो बंद केला."

"कुणी?" शेठनी विचारलं.

तिनं कृष्णराजकडं बघितलं. बोट दाखवायची गरज पडली नाही.

म्हाळसाबाईंना सगळं एकदम कळलं नाही, मग कळलं. त्यांचा चेहरा लहान झाला. "म्हंजे माझ्या भंडाऱ्यानं खराब झाला व्हय गं माल?"

हाच तो क्षण होता ज्यासाठी सगळे इतके जपत होते. नाही आईसाब, तुमच्यामुळं कसं होईल, असं म्हणायला श्रावस्तीची जीभ उचललीही गेली. म्हातारीचे डोळे पाणावले होते आणि ते खोटे नव्हते. "भंडारा उधळलात त्यात काही नाही, आईसाब," ती म्हणाली. "मशीन आधी बंद करायचं असतं. दर वर्षी करतात. आणि नंतर तरी करायचं."

म्हाळसाबाई लेकाकडं वळल्या. "तूच म्हणलास की, चालू आसू दे, देवाला बी बरं वाटंल."

"पूजा आमच्याकडंबी हुते की," मल्लिनाथशेठ म्हणाले. "बंद करून करतेत." त्यांनी बोटानं फिल्टरची हळद जराशी खरवडली, नाकाजवळ नेली आणि बोट धोतराला पुसलं. "चला कृष्णराज, हापिसात बसू." ते पुढं, कृष्णराज मागं. जाताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. काय होणार होतं ते आता त्या खोलीत ठरणार होतं, दार लावून, जसं नेहमीच ठरतं.

म्हाळसाबाई मात्र गेल्या नाहीत. वाकल्या, फिल्टरवरची चिमूटभर हळद घेतली, कपाळाला लावली. मग सवयीनं चिमूट श्रावस्तीच्या कपाळाकडं आली आणि मध्येच थबकली.

"मी लावत नाही, आईसाब."

"ठावं हाय गं. चांगुणा बी लावत न्हवती." त्यांनी चिमूट आपल्याच पदराला पुसली. "कशी हाय ती? दम हाय का आजून?"

"आहे."

"लई राबली आमच्या भट्टीवर." मग अगदी मनापासून, हळहळून, "बिड्या वढायची व्हय गं ती?"

"नाही. कधीच नाही."

"मंग कशानं झालं म्हणायचं?" म्हाळसाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता काठी टेकत बाहेर ओट्यावर उन्हाला जाऊन बसल्या.

तिनं नवा फिल्टर घातला. झाकण बसवलं, आवळलं, हात फिरवून बघितलं. हात चालत होते, ते तिला विचारत नव्हते. कशानं झालं म्हणायचं. आईच्या छातीतली ती चिकट शिट्टी, रात्री उशीला उशी लावून बसून काढलेले हिवाळे, आणि बाई हळहळते की बिडीनं झालं असेल. म्हणजे तेही पुन्हा तिच्याच हातनं झालं. एखाद्या बाईच्या हातनं आयुष्यात इतकं सगळं कसं होऊ शकतं, इकडं काहीच केलेलं नसताना?

"अगं, झालं का? चालू कर की मशीन!" ऑफिसच्या खिडकीतून कृष्णराज ओरडला. ताई गेली होती. तिला बरं वाटलं, पायात घुसलेला काटा निघावा तसं.

तिनं मशीन चालू केलं. ते एकदम मोकळं ओढू लागलं. मग जुना फिल्टर कडेवर घेऊन ती अंगणात आली, पायरीच्या दगडावर तो एकदा आपटला, दोनदा आपटला. हळदीचा ढग उठला, उन्हात क्षणभर चमकला आणि खाली बसला. निऱ्या उघड्या झाल्या. पिवळं सगळं झडलं होतं. त्याच्या खाली काळं होतं, प्रत्येक निरीच्या तळापर्यंत गेलेलं, तेलकट, दुधाच्या वाफेत भिजून कागदाशी एक झालेलं. तिनं पुन्हा आपटलं, जोर लावून. काळं झडलं नाही. कधीच झडत नाही. दर वेळी फिल्टर असाच निघतो आणि दर वेळी ती तो भंगारात टाकते. आणि कृष्णराज कधीही शेठना घेऊन येत नाही, हे काळं कुणाच्या हातनं राहिलं ते विचारायला.

ती ओट्यापाशी गेली आणि फिल्टर म्हाळसाबाईंच्या पुढ्यात ठेवला. अंगठा निरीत घालून ओढला. अंगठा काळा झाला. तो तिनं त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"आईसाब, तुम्ही विचारलंत ना."

म्हाळसाबाईंनी अंगठा बघितला, फिल्टर बघितला. मग त्यांची मान आपोआप मागं वळली, जिथं कारखान्याच्या भिंतीवरून भट्टीचा धूर सरळ मशीनच्या खिडकीकडं येत होता.

"ही तर काजळी हाय गं," त्या म्हणाल्या. मग धुराकडं बघतच, "आमच्या भट्टीची."

मागं पाइपातून फुस्स झालं, टाकलेली हवा अंगणभर पसरली.

"व्हय," श्रावस्ती म्हणाली.